पूल बदलण्याआधी जमीन कशी वाचायची

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या ब्रिटिशकालीन शिवाजी पुलाला पर्याय म्हणून दुसरा पूल बांधायला घेतला गेला, तो बराचसा उभा राहिला आणि मग थांबला. अडचण पाण्याची नव्हती, पायाचीही नव्हती. पुलाला लागूनच ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. ते केंद्र सरकारच्या संरक्षित स्थळांत मोडतं आणि अशा स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्याची मनाई आहे. मूळ कायदा १९५८ चा. त्याखाली १९९२ मध्ये १०० मीटरची अधिसूचना निघाली आणि २०१० च्या दुरुस्तीने ते अंतर थेट कायद्यातच जाऊन बसलं. तेव्हापासून काम लोकांच्या गरजेचं आहे म्हणून सूट द्यावी, ही वाटही बंद झाली. इकडे वाहतूक जुन्याच पुलावरून चालू राहिली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस त्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. अशा वेळी लोकांचा राग कुणावर निघतो, हे वेगळं सांगायला नको. पुढे पर्यायी पूल पूर्ण झाला, वाहतूकही सुरू झाली. या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न मात्र तसाच राहिला: पूल बदलायचा ठरला, तर जमिनीखाली काय आहे हे पाहायचं की नाही, कुणी पाहायचं आणि किती?

आधी ब्रह्मपुरीच्या बाजूने बोलू. हे टेकाड उगाच यादीत आलेलं नाही. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांपासून पुढच्या अनेक शतकांची वस्ती थरांवर थर अशी सापडली. त्याच सुमारास याच टेकाडातून ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा निघाला होता. त्यात आरसा होता, भांडी होती, माणसं बसलेला हत्ती होता आणि ग्रीकांचा समुद्रदेव पॉसिडॉन याची वीतभरही नसलेली एक मूर्ती होती. भूमध्य समुद्राच्या काठची ही मूर्ती कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरली असणार, सह्याद्री चढून घाटमाथ्यावर आली असणार आणि पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी घरात पोचली असणार. ज्या जागी नदी ओलांडायची सोय असते तिथेच बाजार वसतो, ब्राह्मणवस्ती होते, देऊळ उभं राहतं. आणि दोन हजार वर्षांनी पूलही त्याच्या आसपासच लागतो. म्हणजे टेकाड आणि पूल शेजारी-शेजारी असणं हा योगायोग नाही. दोघांना तिथे आणणारी गोष्ट एकच आहे.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असताना माणसं मेली, याचं कारण मला कायद्याने विचारलेल्या प्रश्नात दिसतं. कायदा आडवं अंतर मोजतो. संरक्षित हद्दीपासून ९० मीटर असाल तर मनाई. मग खाली सातवाहनकालीन घर असो, की परवा टाकलेला मुरूम. तेच संरक्षित स्थळापासून ९ किलोमीटर दूर असाल, तर पुरातत्त्वाच्या अंगाने कुणी काही विचारत नाही, मग पोकलेनच्या खाली पाच हजार वर्षांची वस्ती का असेना. संरक्षित क्षेत्राबाहेर पूल बांधताना आधी पुरातत्त्वीय पाहणी करा, असं बजावणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे ज्ञात स्थळापाशी गरजेपेक्षा जास्त कडकपणा आणि अज्ञात स्थळापाशी पूर्ण मोकळीक. पूल बदलण्याआधी खरे विचारायचे प्रश्न दोन आहेत. या कामाने आजवर न हललेली जमीन किती हलणार आहे? आणि त्या जमिनीत माणसाच्या वावराच्या खुणा असण्याची शक्यता किती? या दोन प्रश्नांची उत्तरं निविदेच्या आधी मिळाली, तर बहुतेक पूल अडणार नाहीत आणि बहुतेक स्थळं मुकाट्याने संपणारही नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

याला पहिला आक्षेप ठरलेला असतो. पूल तर आधीपासूनच आहे, जमीन एकदा खणून झालेली आहे, आता तिथे काय उरलंय? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण पूल बदलतात कसा, ते पाहा. जुना पूल पाडून त्याच पायावर नवा बांधणं क्वचित जमतं, कारण मधल्या काळात वाहतूक जाणार कुठून? म्हणून नवा पूल बहुधा जुन्याच्या शेजारी, वरच्या किंवा खालच्या अंगाला येतो. तो रुंद असतो आणि पूरपातळीच्या हिशेबाने उंचही असतो. उंची वाढली की दोन्ही बाजूंचे जोडरस्ते लांबतात, त्यांचा भराव पसरतो. काम चालू असेपर्यंत तात्पुरता वळणरस्ता लागतो. गर्डर ओतायला सपाट मैदान लागतं, काँक्रीटचा प्लांट, खडीचे ढीग, कामगारांच्या झोपड्या, डंपरची ये-जा. जुन्या पुलाने न शिवलेली कितीतरी जमीन नव्या पुलाच्या कामात चिरडली जाते किंवा उकरली जाते. पूल बदलणं हे नाव साधं आहे; जमिनीच्या बाजूने पाहिलं तर ते नवंच काम असतं.

लंडनमध्ये याचा दाखला जुना आहे. टेम्सवर रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात पूल घातला, मध्ययुगात त्याच टप्प्यात दगडी पूल आला. सहाशे वर्षं टिकलेल्या त्या पुलाच्या जागी जॉन रेनी यांच्या आराखड्याचा पूल १८३१ मध्ये खुला झाला, तो जुन्यापासून जेमतेम ३० मीटर वरच्या अंगाला. त्या कामासाठी आणि जुना पूल काढताना नदीतला गाळ उपसला, तेव्हा रोमन नाणी मोठ्या संख्येने वर आली. पाहणी वगैरे कल्पनाच तेव्हा नव्हती. चार्ल्स रोच स्मिथ नावाचे एक औषधविक्रेते स्वतःच्या हौसेने मजुरांकडून वस्तू विकत घेत आणि टिपून ठेवत, म्हणून काही तरी उरलं. उपसलेली खडी-वाळू नदीकाठच्या पायवाटांवर नेऊन पसरली गेली आणि नाणी तिथेही सापडत राहिली. कोणत्या थरातली, कुठली, हे मात्र कायमचं गेलं. १८३४ मध्ये पुलाजवळच्या पात्रातून सम्राट हेड्रियनच्या ब्राँझ पुतळ्याचं डोकं निघालं, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि एवढी उलथापालथ होऊनही १९८४ मध्ये दक्षिण काठावर फेनिंग्ज वार्फ इथे रीतसर उत्खनन झालं, तेव्हा मध्ययुगीन पुलाच्या टोकाचा पाया जागेवर सापडलाच. जमीन एकदा खणली की संपली, हा समज तिथे तरी टिकला नाही.

लंडनचा धडा इकडे जसाच्या तसा लावता येत नाही. टेम्सचा तळ चिखलाचा आहे, चिखल वस्तू धरून ठेवतो. दख्खनच्या पठारावर नदीचा तळ पुष्कळदा उघड्या काळ्या पाषाणाचा असतो आणि पावसाळ्यातलं पाणी तो दरवर्षी घासून काढतं. पुलाचे मधले खांब थेट खडकात रोवले जातात, तिथे शोधण्यासारखं फार नसतं. आपल्याकडे खरा ऐवज काठात असतो. गोदावरी, प्रवरा, घोड, तापी या नद्या आपल्याच जुन्या गाळात खोल चर कापून वाहतात आणि त्या चराच्या दोन्ही बाजूंचे उंच काठ म्हणजे उभे कापलेले थर असतात. सगळ्यात खाली गोटे आणि वाळू सिमेंटसारखी घट्ट झालेली. त्यात अश्मयुगीन हत्यारं मिळतात. नाशिकजवळ गंगापूरला आणि नेवाशाला प्रवरेच्या काठी सांकलियांना ती अशा गोट्यांतच मिळाली. त्यावर पिवळसर गाळ, बहुतेक कोरा. आणि पुराच्या पाण्यापासून वरच्या जागी, काठाच्या माथ्यावर, गावकरी जिला पांढरी म्हणतात ती राखाडी, भुसभुशीत, वस्तीची माती. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन गावं अशाच काठांवरची. मग पुलाच्या आराखड्यात लाल पेन्सिल कुठे फिरवायची, हे उघड आहे: दोन्ही टोकांचे पाये, जोडरस्त्यांचे पहिले काहीशे मीटर आणि भरावासाठी माती जिथून आणायची ती जागा.

ही शेवटची जागा नकाशात नसतेच, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच वाटते. भरावाला हजारो घनमीटर माती लागते. ती आणायची जबाबदारी ठेकेदाराची. शेतातलं टेकाड त्याला आयतं सापडतं: मऊ माती, जवळची, जमीनमालकही खूश, कारण रान सपाट होऊन मिळतं. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेऊन टाकायची चाल तर आपल्याकडे जुनीच आहे. पुलाच्या पायाखाली एक घर जाईल, मातीच्या खाणीत अख्खं गाव जाईल. म्हणून पाहणीची हद्द पुलाच्या रेघेपाशी संपवून चालत नाही. माती, मुरूम, डंपरचे रस्ते, सगळं तिच्यात धरावं लागतं.

आता पाहणी म्हणजे नेमकं काय, हे पाहू. कारण तिचं नाव काढताच अभियंत्यांच्या डोळ्यांपुढे ब्रश घेऊन दोन-दोन वर्षं बसलेली माणसं उभी राहतात. पहिली पायरी टेबलावर होते: जुने सर्व्हे नकाशे, जिल्हा गॅझेटियर, पुरातत्त्व खात्याचे वार्षिक आढावे, डेक्कन कॉलेजच्या नोंदी. जुन्या गावठाणाची खूण, उठून गेलेलं गाव, नदीचा उतार, घाट, पडकं देऊळ, यांतलं काही जवळपास आहे का? इथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. चालत नदी ओलांडायला रुंद, उथळ पात्र सोयीचं, तर पूल बांधायला अरुंद पात्र आणि खडकाचे काठ. त्यामुळे जुना उतार पुलापासून थोडा वर किंवा खाली असण्याचा संभव मोठा, आणि नेमका त्याच बाजूला नवा पूल सरकवला जात असेल तर सावध व्हावं. दुसरी पायरी म्हणजे चालणं: काठाचा कापलेला भाग पाहणं, नांगरलेल्या रानात खापरं आहेत का बघणं. इथवर कुदळ लागत नाही, आणि बहुतेक पुलांचा निकाल इथेच लागतो: काही नाही, कामाला लागा. शंका उरलीच तर चार-दोन चाचणीखड्डे, आणि गाळाचा थर जाड असेल तर यंत्राने खोल चर, कारण पुराच्या गाळाखाली पुरलेली वस्ती वरवरच्या खड्ड्यात हाती लागत नाही.

यातली एक चाचणी तर आपण आत्ताच करतो आणि तिचं उत्तर फेकून देतो. प्रत्येक पुलासाठी पायाच्या जागी बोअर घेतात. साधारण दीड-दीड मीटरला, किंवा थर बदलेल तिथे, नळीतून मातीचा नमुना वर येतो. प्रयोगशाळेत त्याचे कण मोजतात, भार सोसण्याची ताकद ठरवतात. वरचे तीन-चार मीटर राखट, विटांचे तुकडे आणि खापरं असलेले निघाले, तर नोंदीत एक शब्द पडतो: भराव. अभियंत्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, ही माती वजन पेलणार नाही, खाली खडकापर्यंत जा. पण हा भराव कुणी आणून टाकलेला नसून तिथे राहिलेल्या माणसांच्या पायाखाली साचलेला असू शकतो. चुलीची राख, भाजक्या मातीचे गोळे, हाडाचा तुकडा, काळी नक्षी काढलेलं तांबडं खापर: नमुन्याच्या डबीत यांतलं काही आहे का, एवढं जाणत्या माणसाने पाहिलं तरी अर्धं काम होतं. बोअरचा खर्च झालेलाच असतो.

अमेरिकेने यासाठी एक पद्धत बसवली आहे, तिच्यातलं घेण्याजोगं थोडं सांगतो. तिथे १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याचं १०६ वं कलम केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवानगीने होणाऱ्या प्रत्येक कामाला लागू आहे, पूल त्यात आलेच. आधी कामाचं परिणामक्षेत्र आखायचं, मग त्यात काय आहे याचा प्रामाणिक आणि वाजवी शोध घ्यायचा. 'वाजवी' हे महत्त्वाचं. पृथ्वी उलथून पाहा असं कुणी म्हणत नाही. अनेक राज्यांच्या महामार्ग खात्यांत पुरातत्त्वाची माणसं नोकरीलाच असतात आणि करार असा असतो की किरकोळ कामं त्यांनी आपल्या पातळीवर चाळून मोकळी करावीत. २०१२ मध्ये तिथल्या सल्लागार परिषदेने १९४५ नंतर बांधलेल्या सर्वसाधारण काँक्रीट आणि पोलादी पुलांना एकगठ्ठा सूट दिली: ते ऐतिहासिक आहेत का, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारायची गरज नाही. पण ही सूट पुलापुरती आहे, पुलाखालच्या जमिनीला नाही. बांधकामाचं वय आणि जमिनीचं वय यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्या सुटीत नेमकं धरलेलं आहे. आपल्याकडे हेरिटेज पूल म्हटलं की कमानी आणि घडीव दगडांवर चर्चा होते, कमान जिच्यावर टेकते त्या मातीवर होत नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या वाहून गेल्या, चाळीसच्या वर माणसं गेली. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल खुलाही झाला. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार जण मेले. पूल असे पडत असताना खापरं कसली मोजता? या आक्षेपाला शब्दांनी गप्प करता येणार नाही, करूही नये. पडलेल्या पुलाच्या जागी तातडीने पूल उभा करायचा असेल, तर पाहणीने आडवं येता कामा नये. अमेरिकेच्या नियमांतही आणीबाणीची वेगळी सोय आहे. पण सावित्री हा अपवाद होता. बाकीचे पूल वर्षानुवर्षं धोकादायक म्हणून ठाऊक असतात; त्यांचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, भूसंपादन, निविदा, फेरनिविदा यांत जातो तो काळ कुणी पुरातत्त्वामुळे वाया घालवलेला नसतो. त्या काळात एका माणसाने चार दिवस काठाने फिरायला कुणाची हरकत असू नये. उलट कोल्हापुरात दिसलं ते हेच, की प्रश्न उशिरा विचारला की त्याची किंमत सगळ्यात जास्त पडते, कारण तोवर खांब उभे राहिलेले असतात आणि सरकवायला काहीच उरत नाही.

अभियंत्यांच्या मनातली खरी भीती मात्र वेगळी असते, आणि ती उघड बोलली जात नाही. शोधलं तर सापडेल, सापडलं तर कळवावं लागेल, कळवलं तर काम बंद पडेल. त्यापेक्षा न पाहिलेलं बरं. ही भीती निराधार नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, पण कळवल्यावर काम किती दिवसांत पुन्हा सुरू होईल याची हमी कुणी देत नाही. मग वस्तू रातोरात गायब होते किंवा काँक्रीटखाली जाते. यावर उपाय मुदतीचा आहे. काय सापडलं तर कोण येईल आणि किती दिवसांत निर्णय देईल, हे करारातच लिहायचं. आणि सापडणं म्हणजे थांबणंच, असंही नाही. खांब दोन मीटर सरकवता येतो, गाळा लांबवता येतो, तेवढाच तुकडा आधी उत्खनन करून मोकळा करता येतो. वर भराव टाकून थर तसाच राखावा, हा सल्लाही दिला जातो. त्याबद्दल मी साशंक आहे, कारण आठ मीटरच्या भरावाखाली भुसभुशीत राख आणि मातीची भांडी शाबूत राहतील, हे मानायला जड जातं.

पाहणीने सगळं आधी कळतं, असाही दावा करायला नको. दायमाबादला १९५८ पासून उत्खनन झालेलं होतं, स्थळ नामांकित होतं. तरी रथ, हत्ती, गेंडा, रेडा ही ६० किलोंहून जास्त वजनाची चार ब्राँझ शिल्पं १९७४ मध्ये एका गावकऱ्याला खणताना अचानक मिळाली. म्हणून जिथे शक्यता जास्त ठरली आहे, तिथे खोदाईच्या दिवसांत एक जाणता माणूस यंत्राशेजारी उभा हवा. नुसत्या आधीच्या अहवालावर भागत नाही.

कोल्हापूरचा पूल अडलेला असतानाच कायद्याची बाजूही हलली, पण उलट्या दिशेला. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात वाट देणारी दुरुस्ती लोकसभेने २ जानेवारी २०१८ ला, म्हणजे त्या अपघाताच्या आधी काही आठवडे, मंजूर केली होती. राज्यसभेत ती अडली. ती अडली याचं मला दुःख नाही. तिच्यात कामाचा प्रकार पाहून सूट होती, जमीन पाहून नव्हती. १०० मीटरची सरसकट मनाई जेवढी आंधळी, तेवढीच सार्वजनिक काम म्हणून सरसकट सूटही आंधळी. टेकाडाच्या पायथ्याशी ९० मीटरवर खडक उघडा पडला असेल, तर तिथे खांब रोवायला हरकत काय? आणि १५० मीटरवर पांढरी सलग पसरली असेल, तर तिथे परवानगी मिळू शकते म्हणून जेसीबी का घालायचा?

राहता राहिला प्रश्न माणसांचा आणि ऋतूचा. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय प्रत्येक पुलावर माणूस पाठवू शकणार नाही, त्याची गरजही नाही. पहिली चाळणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्यालाही करता येईल, मात्र त्याच्या हाती जिल्ह्यातल्या ज्ञात स्थळांची नकाशावरची नोंद आणि एक पानी प्रश्नावली हवी. वेळापत्रक मात्र बदलावं लागेल. काठाचा कापलेला भाग नीट दिसतो तो पाणी उतरल्यावर, गवत वाळल्यावर; रानातली खापरं दिसतात ती पीक निघाल्यावर. म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. पुलाचा ठेकेदारही याच महिन्यांत नदीत उतरतो, कारण त्यालाही कोरडं पात्र हवं असतं. एकाच उन्हाळ्यात दोघांना पाठवलं तर पाहणारा पोचेपर्यंत पायाचा खड्डा खणून झालेला असतो. तेव्हा पाहणीचा उन्हाळा आदल्या वर्षीचा धरावा, बोअर घेणारं पथक काठावर असतं तेव्हाचा, आणि तिचा खर्च बोअरच्याच बाबीत, अंदाजपत्रकातली एक वेगळी ओळ म्हणून दाखवावा.